मोडशी, शिरूरची छावणी आणि उतरलेला रक्तदाब

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या कोणत्याही बाजाराच्या गावी दवाखान्यात थोडा वेळ बसले, की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘बीपी लो झालंय, सलाईन लावावं लागेल.’ ऊसतोडीवरून आलेली बाई, परीक्षेसाठी जागरण केलेला मुलगा, निर्जळी एकादशी केलेली आजी, सर्वांना हे एकच वाक्य लागू पडते. वाक्याच्या पहिल्या भागात एक मोजमाप आहे, दुसऱ्या भागात एक उपाय आहे. या दोहोंच्या मध्ये जो प्रश्न असायला हवा, रक्तदाब कमी का झाला, तो मात्र गाळलेला असतो. बाटली संपते, रुग्ण घरी जातो, पैसे खर्च होतात. चारदोन दिवसांनी चक्कर पुन्हा येते.

हा प्रश्न गाळल्याने काय होते, याचे एक जुने आणि भयंकर उदाहरण याच शिरूर गावात घडलेले आहे. त्या वेळी रक्तदाब हा शब्दही वैद्यकात रुळलेला नव्हता. उपाय आजच्या अगदी उलटा होता : सलाईन देण्याऐवजी रक्त काढून घेत. आणि गंमत अशी की त्या उपायाच्या बाजूने आकडेवारीही होती! विज्ञान शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट मुळातून पाहावी अशी आहे.

१८१८चा पावसाळा

घोडनदीकाठचे शिरूर हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचे मोठे ठाणे होते. याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे लढाई झाली. छावणीतले कर्नल वॉलेस १८०९मध्ये वारले. त्यांच्या कबरीला आसपासचे लोक ‘सत्पुरुष’ म्हणून नवस बोलत, असे गॅझेटियरमध्ये नोंदलेले आहे. असो. आपल्याला त्या छावणीच्या इस्पितळात जायचे आहे.

१८१७च्या ऑगस्टात बंगालमधील जेसोर येथे पटकीची मोठी साथ उसळली. सैन्याच्या हालचाली, व्यापारी तांडे आणि यात्रेकरू यांच्याबरोबर ती देशभर पसरली. दख्खनमध्ये ती १८१८च्या पावसाळ्यात पोचली आणि नगर, शिरूर, पुणे, पनवेल अशा सरळ हमरस्त्याने ऑगस्टमध्ये मुंबईत उतरली. मुंबईच्या मेडिकल बोर्डाने ठिकठिकाणच्या सर्जनांकडून पत्रे मागवली आणि १८१९मध्ये त्यांचा अहवाल छापला. साथीच्या ऐन धामधुमीत लिहिलेली ही पत्रे म्हणजे आपल्या भागाच्या आरोग्याचा एक दुर्मीळ दस्तऐवज आहे.

पटकी आपल्याकडे त्या वर्षी प्रथमच आली असे नव्हे. पटकीसारख्या आजाराला मराठीत आणि कोकणीत ‘मोडशी’ हा शब्द होता. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात या आजाराचे वर्णन केले आहे : नाडी हाताला जेमतेम लागते, अंग गार पडते, थंड घाम सुटतो, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात. पुढे फ्रेंचांनी ‘मोडशी’चा उच्चार आपल्या भाषेत बसवताना त्याचा ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचा शब्द करून टाकला! मूळ शब्द ‘मोडणे’ या क्रियापदापासून आला, असे शब्दव्युत्पत्तीचे अभ्यासक मानतात. माणूस मोडतो, कोसळतो, म्हणून मोडशी. पाश्चात्त्य वैद्यकाने या अवस्थेला पुढे जे नाव दिले, त्याचाही अर्थ ‘कोसळणे’ हाच आहे. आपल्या लोकांनी रोगाचे नाव जुलाबांवरून न ठेवता या कोसळण्यावरून ठेवले, हे आम्हांला फार मार्मिक वाटते. कारण पटकीत माणूस मरतो तो या कोसळण्यानेच.

शिरूरच्या छावणीत तेव्हा ६५वी गोरी पलटण होती. तिचे सर्जन बरेल यांचा अनुभव त्या अहवालात आला आहे. त्यांचा मुख्य उपाय होता शीर उघडून रक्त काढणे. हा वेडेपणा नव्हता, त्यामागे एक विचार होता. रुग्णाचे हातपाय बर्फासारखे गार, मनगटाची नाडी नाहीशी, कातडी निळसर. मग रक्त गेले कुठे? ते आत, पोटातल्या आणि छातीतल्या इंद्रियांत साचले असणार, त्यामुळे हृदय गुदमरले असणार. तेव्हा थोडे रक्त बाहेर काढून ओझे हलके करावे. शीर उघडली की येणारे रक्त काळे आणि डांबरासारखे घट्ट असे. त्यावरून ‘रक्त तुंबले आहे’ ही कल्पना आणखी पक्की होई. काढायचे प्रमाणही थोडेथोडके नसे. अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त एका वेळी काढत. जोडीला अफूचा अर्क, पाऱ्याचे औषध, ब्रँडी आणि अंगाला शेक. तहानेने तडफडणाऱ्या रुग्णाला पाणी देऊ नये असे मानणारे डॉक्टरही त्या काळी पुष्कळ होते.

आणि निष्कर्ष? ज्यांचे रक्त काढले, त्यांच्यापैकी फार थोडे दगावले. ज्यांचे काढले नाही, त्यांच्यापैकी बहुतेक दगावले. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? शिरूरचा हा दाखला पुढे कित्येक वर्षे रक्तमोक्षणाच्या बाजूने दिला जात असे.

या पुराव्यातली मेख आहे ती इथे. रक्त कोणाचे काढले गेले नाही? सर्जनने मुद्दाम वगळले होते त्यांचे नव्हे, तर ज्यांची शीर उघडूनही रक्त वाहीना, किंवा जे मरणाच्या दारातच इस्पितळात आले होते, त्यांचे. शेवटच्या अवस्थेत शिरेतून थेंब-थेंबच रक्त येते, हे त्या काळच्या अनेक सर्जनांनी पाहिले होते. म्हणजे ‘रक्त काढलेले’ आणि ‘न काढलेले’ हे दोन सारखे गट नव्हतेच. पहिल्या गटात बहुतांशी ज्यांचा रक्तदाब अजून शिल्लक होता ते, दुसऱ्यात ज्यांचा संपला होता ते. शीर उघडणे ही नकळत एक चाचणीच झाली होती. रक्त जोराने आले तर रुग्ण जगण्याची शक्यता बरी, नाही आले तर कठीण.

हे वर्गात फळ्यावर मांडून दाखवता येते. समजा (हे आकडे कल्पित आहेत) १०० रुग्ण आले. त्यांतील ८० सौम्य आहेत आणि काहीही केले नाही तरी त्यांच्यातले ४ मरणार आहेत. उरलेले २० अत्यवस्थ आहेत, त्यांच्यातले १२ मरणार आहेत. एकूण मृत्यू १६. आता सर्जन सर्वांची शीर उघडू पाहतो. सौम्य ८० जणांचे रक्त येते, अत्यवस्थ २० जणांचे येत नाही. समजा रक्त काढल्यामुळे सौम्य गटातले आणखी ४ जण मेले. आता नोंदवहीत काय दिसेल? रक्त काढलेल्या ८० पैकी ८ मृत्यू, म्हणजे १० टक्के. न काढलेल्या २० पैकी १२ मृत्यू, म्हणजे ६० टक्के. उपायाने चार माणसे जास्त मारली, तरी वहीत तो सहापट गुणकारी दिसतो! आठवी-नववीच्या मुलांना एवढे गणित सहज करता येते, आणि जाहिरातींतले दावे तपासायला ते जन्मभर उपयोगी पडते. लवकर रक्त काढलेल्या आणि उशिरा काढलेल्या रुग्णांची पद्धतशीर मोजदाद पॅरिसमध्ये पिएर लुई याने न्यूमोनियाच्या रुग्णांवर केली आणि १८३५मध्ये प्रसिद्ध केली. रक्तमोक्षणाचा फायदा फारच अल्प, असे त्याला आढळले.

रक्तातले पाणी

शिरूरच्या रुग्णांच्या शरीरात खरोखर काय चालले होते? पटकीच्या जंतूंचे विष आतड्याच्या पेशींना मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावते. तीव्र पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात रक्त असते साडेचार लिटरच्या आसपास. जाणारे पाणी सगळे काही थेट रक्तातून जात नाही, पेशींच्या भोवतालचे पाणीही खर्ची पडते, तरीही काही तासांत रक्तवाहिन्या रित्या होऊ लागतात. रक्तपेशी मागे राहतात, पाणी जाते, म्हणून उरलेले रक्त घट्ट आणि काळपट होते. ते कुठे तुंबलेले नसते, आटलेले असते. अशा माणसाचे आणखी अर्धा लिटर रक्त काढणे म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोटार चालवण्यासारखेच.

हे प्रथम ओळखले ते डब्ल्यू. बी. ओशॉनेसी या अवघ्या बावीस वर्षांच्या डॉक्टरने. साथ १८३१मध्ये इंग्लंडात पोचली. तेव्हा त्याने रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण करून दाखवले, की त्यातले पाणी आणि क्षार दोन्ही घटलेले आहेत. म्हणजे ते परत भरून द्यायला हवेत. ओशॉनेसी पुढे कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा टाकणारा म्हणून त्याचे नाव अधिक झाले. त्याची सूचना अमलात आणली स्कॉटलंडमधील लीथ गावच्या टॉमस लट्टा याने, मे १८३२मध्ये. एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत त्याने सोडामिश्रित मिठाचे पाणी सोडायला सुरुवात केली. साडेतीन लिटरच्या आसपास पाणी गेल्यावर तिचे खोल गेलेले डोळे वर आले, नाडी लागू लागली, अंग ऊबदार झाले, ती बोलू लागली. दमलेला लट्टा तिला दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून विश्रांतीला गेला. जुलाब चालूच होते, पण पाणी पुन्हा कोणी दिले नाही. काही तासांत ती गेली. नंतरच्या काही रुग्णांत मात्र त्याला यश आले. लट्टा स्वतः १८३३मध्ये मरण पावला. त्याच्या द्रावणात मीठ कमी होते, जंतू मारण्याची कल्पना त्या काळी नव्हती आणि हाती येणारे रुग्ण शेवटच्या घटका मोजणारे असत. त्यामुळे मृत्यू पुष्कळ झाले आणि हा उपाय जवळपास विसरला गेला. शीर उघडून रक्त काढणे मात्र चालूच राहिले.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. बरेल किंवा लट्टा यांच्यापाशी नाडीवर बोट ठेवण्यापलीकडे मोजण्याचे काहीही साधन नव्हते.

दाब मोजण्याची खटपट

रक्ताला दाब असतो आणि तो मोजता येतो, हे स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने दाखवले होते. त्याने घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला उंच काचनळी जोडली. नळीत रक्त ८ फूट ३ इंच चढले. १७३३मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले, पण माणसावर असा प्रयोग कोण करू देणार? १८२८मध्ये प्वाझय याने उंच नळीऐवजी पारा वापरला. धमनीला छिद्र न पाडता, दंडाभोवती हवेचा पट्टा आवळून दाब मोजण्याचे सोपे साधन इटलीतील रीवा-रोची याने १८९६मध्ये केले. पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकण्याची युक्ती रशियन सर्जन कोरोत्कोव्ह याने १९०५मध्ये सांगितली. म्हणजे आज खेड्यापाड्यांत होणारे हे मोजमाप जेमतेम सव्वाशे वर्षांचे आहे.

१२० मिलिमीटर पारा म्हणजे नेमके किती? पारा पाण्याच्या १३.६ पट जड. गुणाकार केला की उत्तर येते १,६३२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १६३ सेंटिमीटर पाणी. शाळेत १६३ सेंटिमीटर लांबीची पारदर्शक प्लास्टिकची नळी रंगीत पाण्याने भरून भिंतीवर उभी केली, की हृदयाचा जोर मुलांना डोळ्यांनी दिसतो. आता आणखी एक गोष्ट पाहा. उभ्या माणसाचा मेंदू हृदयाच्या वर सुमारे ४० सेंटिमीटर असतो. तेवढे चढताना सुमारे ३० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब खर्च होतो. दंडाला १२० असेल तर मेंदूशी ९०. दंडाचा दाब ८० वर आला तर मेंदूशी ५०च उरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवे झाले की ही चढणच नाहीशी होते. चक्कर आलेल्याला आडवे करायचे ते एवढ्यासाठी.

१५ ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी, पाहुण्यांचे भाषण लांबले की एखादी मुलगी कोसळते, हा प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीचा प्रसंग. उभे राहिल्यावर अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांत आणि पोटाच्या खालच्या भागात उतरते. एरवी पायांचे स्नायू हलताना ते वर ढकलत असतात. सावधान स्थितीत ते काम थांबते. त्यात सकाळी पोटात काही नाही, वर ऊन. मग काही मुलांत एक मज्जाप्रतिक्षेप होतो, नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब एकदम खाली येतो. जमिनीवर पडणे हाच इथे निसर्गाचा उपाय आहे! पण आपण काय करतो? चौघेजण धावतात, मुलीला उचलून खुर्चीत बसवतात, कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, बेशुद्धावस्थेतच तोंडात पाणी ओततात. तिला आडवीच ठेवावी, पाय हातभर उंच धरावेत, कपडे सैल करावेत. मिनिट-दोन मिनिटांत ती शुद्धीवर येते. शुद्धीवर आल्यावर प्यायला द्यावे आणि लगेच उभे करू नये. धावताना किंवा खेळताना बेशुद्ध पडणे मात्र वेगळे. त्या मुलाचे हृदय डॉक्टरांकडून तपासून घेतलेच पाहिजे.

विहीर, मोटार आणि पाइप

रक्तदाब हा तीन गोष्टींचा मिळून झालेला परिणाम असतो. भीमेकाठच्या शेतकऱ्याच्या मुलाला हे समजायला मुळीच अवघड नाही. पाइपाच्या टोकाला पाणी जोराने येईना, तर तो काय तपासतो? विहिरीत पाणी आहे का, मोटार नीट ओढते आहे का, पाइपाला कुठे जास्तीची तोंडे उघडी राहिली आहेत का. शरीरातही तसेच. पहिल्या प्रकारात द्रव घटतो : जुलाब, उलट्या, उन्हाळ्यातला घाम, अपघातातला किंवा बाळंतपणातला रक्तस्राव. दुसऱ्यात हृदय दुबळे पडते. तिसऱ्यात रक्तवाहिन्या प्रमाणाबाहेर सैलावतात : भोवळ, रक्तात जंतूंचा संसर्ग, एखाद्या औषधाची तीव्र वावडी. टोकाला दिसणारा आकडा तिन्ही वेळा सारखाच, पण दुरुस्ती प्रत्येक ठिकाणी निराळी.

शिवाय शरीर हा आकडा शेवटपर्यंत सांभाळून धरते. नाडी जलद होते, कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, लघवी कमी होते. रक्ताचा सुमारे तिसरा हिस्सा वाहून जाईपर्यंत धडधाकट माणसाच्या दंडाचा दाब फारसा उतरत नाही. लहान मुलांचा तर आणखी उशिरा आणि मग एकदम. म्हणून जुलाब लागलेल्या मुलाचा ‘बीपी नॉर्मल’ आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये. नाडीची गती, सुकलेली जीभ, खोल गेलेले डोळे, तास न् तास न झालेली लघवी ही लक्षणे आधी बोलतात.

पटकीवरच्या उपायांत मोजमाप खऱ्या अर्थाने आले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. कलकत्त्याला लिओनार्ड रॉजर्स यांनी रुग्णाचा रक्तदाब आणि रक्ताचा घट्टपणा दोन्ही मोजून, त्यानुसार शिरेतून मिठाचे पाणी द्यायला सुरुवात केली. मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आले. लट्टाची कल्पना सुमारे पाऊणशे वर्षांनी, आकड्यांचा आधार घेऊन परतली. आज तीव्र पटकीच्या ५० किलो वजनाच्या माणसाला पहिल्या तीन तासांत सुमारे ५ लिटर द्रव शिरेतून देतात. दवाखान्यात अशक्तपणासाठी टांगलेली अर्ध्या लिटरची बाटली या हिशेबात कुठेच बसत नाही. ज्याला खरी गरज आहे त्याला ती अपुरी, ज्याला नाही त्याला निरुपयोगी. अर्ध्या लिटर सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजची बाटली असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे एका भाकरीइतकीही ऊर्जा नाही.

रॉजर्सच्या पद्धतीला सुया, निर्जंतुक बाटल्या आणि इस्पितळ लागे. पालखीच्या वाटेवर हे कुठून येणार? तुकोबांची पालखी दौंड तालुक्यात यवत आणि वरवंड येथे मुक्काम करते. वारी आणि पटकी यांची जोडी एकोणिसाव्या शतकात अधिकाऱ्यांना आणि वारकऱ्यांना सारखीच धास्तीची वाटे. वाटेवरच्या विहिरींत औषध टाकणे, वारकऱ्यांना लस टोचणे ही पुढे आरोग्यखात्याची दरवर्षीची कामे झाली. पण वाटेत कोसळणाऱ्याला वाचवणारा उपाय आला तो फार साध्या रूपात.

आतड्यात साखर आणि मीठ बरोबर असले, की ती जोडी आत शोषली जाते आणि पाण्यालाही ओढून नेते, हे १९६०च्या दशकात स्पष्ट झाले. पटकीतही ही वाट बंद होत नाही. ढाका आणि कलकत्ता येथील अभ्यासांत हे रुग्णांवर सिद्ध झाले होते. १९७१मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा मिसळलेले पाणी पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजायला लावले. तिथले मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्याही खाली आले. हीच आपली जलसंजीवनी. डॉ. महालनबीस २०२२मध्ये वारले. २०२३मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून मिश्रण अश्रूंहून खारट लागता कामा नये.

घाटापलीकडचा उलटा धडा

एवढे वाचून कोणी म्हणेल, ‘म्हणजे दाब उतरला की पाणी भरावे, झाले!’ हा नवा ठोकळा किती घातक ठरू शकतो, हे सह्याद्रीच्या पलीकडे, महाडजवळ दिसून आले.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७६मध्ये ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि मुले तिथे पाहता पाहता मरत होती. (लोक भितात ते मोठ्या काळ्या इंगळीला, खरा धोका या लहान, लालसर विंचवाचा. शिरूर-दौंडच्या दगडगोट्यांच्या रानातही त्याला जपूनच असावे.) रुग्णाचे हातपाय गार, घाम, नाडी क्षीण, रक्तदाब खाली. चित्र हुबेहूब शिरूरच्या पटकीसारखे. म्हणून सलाईन लावले जाई, आणि रुग्णाच्या तोंडाला गुलाबी फेस येऊन तो मरे.

डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी केल्या. त्यांत दिसले ते असे : विंचवाच्या विषाने शरीरातली उत्तेजक द्रव्ये एकदम रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या गच्च आवळल्या जातात, आणि सुरुवातीला रक्तदाब प्रचंड वाढतो. त्या बंद वाटांविरुद्ध जोर लावून हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते, आणि मग दाब कोसळतो. विहीर भरलेलीच आहे, थकली आहे ती मोटार. अशा वेळी आणखी पाणी म्हणजे चढावर दमलेल्या बैलाच्या गाडीत आणखी दोन पोती टाकणे. लक्षणांबद्दलचा त्यांचा लेख १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. १९८६मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी उपायही मांडला : प्राझोसिन. हे औषध मुळात रक्तदाब कमी करण्यासाठी वापरत असलेले! आवळलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते, हृदयावरचे ओझे उतरते. पूर्वी तीव्र विषबाधेच्या दर दहा रुग्णांत तीनच्या आसपास दगावत. ते प्रमाण काही टक्क्यांवर आले. पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी प्रतिविष आणि प्राझोसिन यांचा तुलनात्मक अभ्यासही केला, तो २०११मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही दिलेले रुग्ण लवकर सुधारले. डॉ. बावस्करांना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. बरेल यांनी रुग्णांचे गट मोजले, पण गट कसे पडले ते पाहिले नाही. बावस्करांनी एकेका रुग्णाची रात्र मोजली.

ज्यांना काहीच होत नाही, त्यांचे काय

आता त्या आठवडेबाजारच्या दवाखान्याकडे परत येऊ. ९०/६०च्या खालच्या दाबाला साधारणपणे कमी म्हणतात. परंतु सडपातळ, तरुण, विशेषतः स्त्रियांमध्ये ९५/६० हा रोजचाच दाब असू शकतो. त्यांना कोणताही त्रास होत नाही, उपायाची गरजही नाही. जर्मनीत कित्येक दशके डॉक्टर अशा लोकांना रोगी समजून औषधे देत आणि इंग्लंडातले डॉक्टर त्याची थट्टा करत! एकाच आकड्याला एका देशात रोग म्हणावे आणि शेजारच्या देशात तब्येत, हे बोलके आहे.

दुसरा घोटाळा ‘बीपी लो’ आणि ‘रक्त कमी’ यांचा. रक्तदाब म्हणजे वाहिन्यांतला जोर. रक्तक्षय म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन कमी असणे. दाब उत्तम असून हिमोग्लोबिन ७ असू शकते. ऊसतोडीच्या बाईला येणारी चक्कर बहुधा या दुसऱ्या कारणाने असते. तिला हवे लोह आणि पोटभर जेवण, सलाईन नव्हे. हा फरक आपल्याच भागात, शाळेच्या पातळीवर शिकवला गेलेला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या अभ्यासक्रमात शाळेतली मुले वेल्डिंग आणि शेतीबरोबरच रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी शिकत. त्याच तालुक्यातल्या वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला आणि गावातल्याच बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांना १९९३मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तपासणी ही केवळ डॉक्टरची मक्तेदारी नाही, हे या दोन्ही ठिकाणी दिसले.

कायम कमी राहणारा दाब क्वचित खरोखरच आजाराचा असतो. टॉमस ॲडिसनने १८५५मध्ये वर्णन केलेल्या रोगात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी निकामी होतात. दाब उतरतो, वजन घटते, कातडी काळवंडते, खारट खावेसे वाटते. क्षयरोग हे आपल्याकडे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. आणि वयस्कर माणसांत चक्करेचे अगदी साधे कारण म्हणजे जास्त रक्तदाबासाठी चालू असलेल्या गोळ्याच. उन्हात चालून घाम गेला, जेवण झाले नाही, आणि वर नेहमीची गोळी, तर वारीतला म्हातारा उठून उभा राहताच झोकांडी खाऊ शकतो. गोळी मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांना हे सांगायला हवे.

हे ओळखण्याची रीत सोपी आहे, आणि दाब मोजण्याचे यंत्र असलेल्या शाळेत वरच्या वर्गातली मुलेही ती करून पाहू शकतील. पाच मिनिटे आडवे पडून दाब आणि नाडी मोजावी. मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावी. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, अथवा खालचा १० किंवा अधिक उतरला, तर ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जावे. दंड उघडा असावा, पट्टा हृदयाच्या पातळीवर असावा आणि तो दंडाच्या मापाचा असावा. बारीक दंडाच्या मुलीला मोठ्यांचा रुंद पट्टा बांधला, तर यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमीच दाखवते.